घासलेली कळ काही सांगत नाही

मागच्या पोस्टमध्ये रिलेच्या टोकांवर ठिणगीने पडणाऱ्या खड्ड्यांबद्दल लिहिलं होतं. ते वाचून दोघातिघांनी विचारलं, या खड्ड्यांचा प्रयोगशाळेबाहेर कुणाला काही उपयोग आहे का? आहे. आज त्याच खड्ड्यांच्या जोरावर मी एका संग्रहावर टीका करणार आहे. संग्रह जुन्या तारायंत्रांचा आहे, मुळशी तालुक्यातल्या एका बंगल्यात आहे, आणि मालक माझ्या ओळखीतले एक निवृत्त काका आहेत. त्यांना आधीच विचारलं होतं. "लिही गं, फक्त नाव नको घालू," म्हणाले.

आधी शब्दाचं बघू. मोर्स संदेश पाठवायला जे बोटांनी दाबतात त्याला इंग्रजीवरून 'की' म्हणतात. मराठी वाक्यात हा शब्द फार घोळ घालतो, म्हणून मी 'कळ' म्हणेन. कळ दाबतात आणि मनगटातून कळ येतेही. त्या दुसऱ्या अर्थाकडे पुढे येऊच.

तर काकांच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर तीसेक कळा आहेत. सागवानी फळ्या, वरून पिवळा प्रकाश, प्रत्येकीखाली नाव आणि साल लिहिलेली छोटी पट्टी. पितळ असं चमकतं की तोंड दिसावं. काही मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, दोन-तीन परदेशातून. देखणा प्रकार आहे, पाहुणे फोटो काढतात. माझी तक्रार अशी आहे की यातल्या बहुतेक कळा आता मुक्या आहेत, आणि त्यांना मुकं करण्याचं काम फडक्याने आणि पॉलिशने झालं आहे.

हे नीट कळायला कळ काय करते ते पाहावं लागेल. दिसायला ती साधा स्विच आहे. दाबली की प्रवाह सुरू, सोडली की बंद. पण आपल्याकडच्या तारघरांत ब्रिटिश पद्धतीची जी कळ होती तिला दोन नव्हे, तीन जोडण्या असायच्या. मधला दांडा बाहेरच्या तारेला जोडलेला. पुढचं टोक बॅटरीला. मागचं टोक संदेश ऐकण्याच्या यंत्राला. हात लावला नाही तर दांडा मागच्या टोकावर टेकून राहतो, म्हणजे तारमास्तर गप्प असताना तार आपोआप 'ऐकत' असते. दाबली की दांडा मागचं टोक सोडून पुढच्याला भिडतो आणि 'बोलायला' लागतो. एकाच तारेवर बोलणं आणि ऐकणं, तेही कुठलंही बटण न फिरवता. मला हे फार सुंदर वाटतं. अमेरिकन पद्धत उलटी होती: तारेतून प्रवाह कायम चालू, आणि कळेच्या बाजूला एक छोटी आडवी पट्टी असते जी सरकवून काम नसताना मंडल बंद ठेवायचं.

आता खड्डे. तारेच्या दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबकाचं वेटोळं असतं. वेटोळ्यातला प्रवाह अचानक तोडला की ते विरोध करतं, क्षणभर मोठा व्होल्टेज उभा करतं, आणि कळेच्या पुढच्या टोकावर बारीकशी ठिणगी उडते. प्रत्येक ठिणगीत धातूचा अतिसूक्ष्म अंश एका बाजूचा सुटून दुसऱ्या बाजूला बसतो. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे ही ने-आणही एकाच दिशेने होत राहते. वर्षानुवर्षं असं झालं की एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ तयार होतं. खड्डा कुठल्या बाजूला पडणार हे प्रवाह, व्होल्टेज आणि टोकाचा धातू (जुन्या कळांत बरेचदा प्लॅटिनम, नंतर चांदी) यांवर ठरतं. प्रयोगशाळेत मी दिवसभर हेच करते: टोकं हजारो वेळा उघडझाप करायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या खड्ड्यांची खोली मोजायची.

उघडझाप किती होत असेल? मोर्समध्ये वेग मोजायला 'पॅरिस' हा नमुना-शब्द धरतात. त्याच्या पाच अक्षरांत मिळून १४ ठिपके-रेघा आहेत, म्हणजे कळ १४ वेळा दाबावी लागते. मिनिटाला २० शब्द या वेगाने तासाभरात १,२०० शब्द, म्हणजे १६,८०० दाब. दिवसातले चारच तास हात प्रत्यक्ष कळेवर होता असं धरा आणि वर्षाचे २५० दिवस. हिशोब १ कोटी ६८ लाखांवर जातो. एका वर्षात! माझ्या यंत्राला एवढे दाब पुरे करायला आठवडे लागतात, आणि तेही मध्ये वीज गेली नाही तर.

म्हणजे या टोकांवर कामाची नोंद आहे. पुढचं टोक खडबडीत आणि मागचं गुळगुळीत असेल तर ही कळ बहुधा खऱ्या तारेवर राबली, कारण बॅटरीचा प्रवाह तोडायचं काम पुढच्या टोकाचं. दोन्ही टोकं सारखीच कोरी असतील तर ती कपाटातच राहिली असेल, किंवा कळ नकली असेल. दांड्याच्या खिळीत एका बाजूला जास्त झीज असेल तर दाबणाऱ्याचा हात तिरका पडत होता. एबोनाइटच्या काळ्या मुठीचा रंग उजेडाने तपकिरी होतो. जिथे बोटं रोज टेकली तिथे पृष्ठभाग वेगळा दिसतो. स्प्रिंग किती ताणलेली आहे आणि टोकांमध्ये फट किती आहे, या दोन गोष्टी तर तारमास्तर स्वतःच्या मनगटाप्रमाणे लावून घ्यायचा. चष्म्याच्या नंबरासारखं समजा.

आता फडकं घ्या. पितळ घासताना वरचा मूळ लॅकरचा थर जातो. मूठ बुटाच्या पॉलिशने काळी करतात. टोकं 'साफ' करायला बारीक पॉलिश पेपर फिरवतात आणि टेंगूळ निघून जातं. फिरणारे स्क्रू घट्ट करून टाकतात, कारण प्रदर्शनात दांडा हलायला नको. काकांच्या भिंतीवरच्या तीसेक कळांपैकी टोकांवर मोजण्यासारखं काही उरलंय अशा मला चार सापडल्या.

यावर काकांचं उत्तर तयार होतं, आणि ते बिनबुडाचं नाही. तारमास्तर स्वतःसुद्धा टोकं साफ करायचाच ना? करायचा. पण त्याने केलेली सफाई हा कामाचाच भाग होता आणि तिच्याही खुणा राहतात. आपण शंभर वर्षांनी केलेली सफाई फक्त आपली असते. त्यांचं दुसरं उत्तर जास्त जड आहे: "मी उचलली नसती तर भंगारवाल्याने किलोवर तोलून वितळवली असती." हे खरं आहे, आणि ते नाकारून टीका करायचा मला हक्क नाही. आपल्या सरकारी खात्यांनी जुनी यंत्रं कशी निकालात काढली हे पाहिलं तर खासगी संग्राहकांचे आभारच मानायला हवेत. पण वाचवलेल्या वस्तूचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.

पट्ट्यांबद्दलही बोलायला हवं. एका कळेखाली लिहिलंय: 'खडकी बिनतारी केंद्र, १९२७'. पुण्याच्या माणसाला हे वाचून छाती फुगल्यासारखं होतं, आणि साल अगदी बरोबर आहे. १९२७ मध्ये भारत-ब्रिटन बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीहून व्हायचं आणि ग्रहण दौंडला. पण त्या सेवेचा वेगच मिनिटाला शंभर शब्दांच्या घरातला ठरवलेला होता. मनगटाने ते शक्य नाही. संदेश आधी कागदी फितीवर भोकं पाडून तयार करायचे आणि ती फीत यंत्रातून पळवायची. त्या सेवेचं खरं अवशेष म्हणजे भोकं पाडलेली फीत, आणि ती कुणी भिंतीवर लावत नाही. शिवाय काकांच्या त्या कळेला बाजूला आडवी पट्टी आहे, वर सांगितली ती, अमेरिकन पद्धतीची, आणि खाली काळं बेकेलाइट. ही जवळजवळ नक्कीच दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी कळ आहे, 'जे-३८' जातीची. अमेरिकन सैन्य तेव्हा भारतात होतं, आणि युद्धानंतर डिस्पोजलच्या मालातून असल्या वस्तू बाजारात आल्या. ही गोष्टही काही कमी रंजक नाही! पण विकणाऱ्याला खडकी जास्त खपेल असं वाटलं असावं.

नकली मालाचं थोडक्यात सांगते. मुरादाबाद आणि रुरकीकडे पितळेच्या 'जुन्या' सागरी आणि तारेच्या वस्तू नव्याने घडवल्या जातात. शोभेची वस्तू म्हणून त्यात वाईट काही नाही. ओळखायचं कसं? टोकं बघा. पितळावर पितळ आपटत असेल आणि तिथे वेगळ्या धातूचा ठिपकाच नसेल, तर ती कळ तारेवर कधीच बसलेली नाही. गंमत अशी, की आपण खऱ्या कळा घासून घासून त्यांना या नकली कळांसारखं करत आणलंय.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र कळांवर नाही, भिंतीवर काय नाही त्यावर आहे. काकांकडे तीसेक कळा आणि साउंडर फक्त तीन, तेही टेबलाखालच्या खोक्यात. साउंडर म्हणजे संदेश ऐकवणारं यंत्र. सिनेमांत आणि मालिकांत तारघर दाखवताना 'बीप बीप' आवाज टाकतात तो रेडिओचा आहे. तारघरात बीप नव्हता. साउंडरची पट्टी खाली येताना एक 'कट्' आणि वर जाताना जरा वेगळा 'कट्', एवढंच. दोन कट्-मधलं अंतर कमी तर ठिपका, तिप्पट तर रेघ. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात ठिपका ६० मिलिसेकंदांचा असतो आणि रेघ १८० ची. शेजारी दहा साउंडर कडकट्ट करत असताना आपल्याच साउंडरचं ऐकायचं आणि हाताने कागदावर इंग्रजी उतरवायचं, ही खरी विद्या होती. कळ दाबायला माणूस त्यामानाने लवकर शिकतो. ऐकायला वेळ लागतो. म्हणून नुसत्या कळांचा संग्रह मला नुसत्या लेखण्यांच्या संग्रहासारखा वाटतो, ज्यात कुणी लिहिलेलं एकही पत्र नाही.

आणि पत्रंही नाहीतच. तारेचा गुलाबी-पिवळा कागद, 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' असलं काही लिहिलेला, ज्याच्या नुसत्या दर्शनाने घरात रडारड सुरू व्हायची; शुभेच्छांच्या तयार वाक्यांचे क्रमांक असलेली यादी, ज्यातला फक्त आकडा पाठवला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं; तारघरातली हजेरीची वही. रद्दीत गेलं हे सगळं. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा केल्या. त्या तारा कळेवरून नव्हे, संगणकावरून गेल्या. पण आठवण म्हणून जो तो पितळ शोधायला लागला.

राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहिलेत ना तुम्ही? किंवा दिवे? ते बघताना सुपारी कातरणारा हात डोळ्यांसमोर येतो, कारण दिनकर केळकरांनी वस्तू जमवल्या त्या घरातल्या वावरासकट. तारेच्या कळेमागेही हात होता आणि तो दुखत होता. तारमास्तरांच्या हाताला येणारे पेटके हा व्यवसायजन्य आजार म्हणून ब्रिटनमध्ये १९०८ साली नुकसानभरपाईच्या यादीत घातला गेला. त्याच वर्षी भारतातल्या तारखात्यातल्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळांच्या नव्या योजनेविरुद्ध संप केला. कलकत्ता, मुंबई, रंगून सगळीकडे तो पसरला. स्प्रिंगचा ताण आणि टोकांतली फट यांना मी एवढं महत्त्व का देते, ते आता कळलं असेल. फट मोठी आणि स्प्रिंग कडक असेल तर वर्षाला दीड कोटी वेळा मनगटाला जास्त श्रम. पेटक्यांबद्दल कागदोपत्री जे आहे ते डॉक्टरांनी आणि समित्यांनी लिहिलेलं आहे. त्या मनगटाने स्वतः लावून घेतलेलं माप या एका स्क्रूत आहे, आणि तो स्क्रू आपण प्रदर्शनासाठी फिरवून घट्ट करतो.

तुमच्या घरात, आजोबांच्या पेटीत अशी कळ असेल तर सध्या एवढंच करा: घासू नका, तेल सोडू नका, स्क्रू फिरवू नका. मोबाइलने टोकांचे जवळून फोटो घ्या, फट पट्टीने मोजून लिहून ठेवा, कुठून आली तेही त्याच कागदावर. तिन्ही जोडण्यांना वायरचे तुकडे लटकत असतील तर तसेच राहू द्या. काकांचा बंगला ताम्हिणीच्या बाजूला आहे, जिथे अनेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हिरवट गंज ही तिथली खरी अडचण आहे. त्याला उपाय म्हणजे बंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

काका माझ्यावर रागावलेले नाहीत. भिंत तशीच राहणार आहे, ती मी उतरवा असं म्हटलेलंही नाही. पण टेबलाखालच्या खोक्यातले तीन साउंडर आणि न घासलेल्या चार कळा त्यांनी मला दिवाळीपर्यंत मोजायला दिल्या आहेत. त्यातल्या एकीच्या पुढच्या टोकावरचं टेंगूळ नुसत्या भिंगातूनही दिसतं. उंची मोजून झाली की आलेख इथे टाकते.