लेका झोगूचं चरित्र वाचताना : किस्सा, पुरावा आणि 'कोण म्हणतं?'

चरित्रं आणि मृत्युलेख हे साहित्य घेऊन रिसर्च करायचा विचार असेल, तर एक सवय तुम्हाला आधीच लावून घ्यावी लागेल. माझ्या पहिल्या सेमिनार पेपरची सुरुवात मी एका झकास किश्शाने केली होती. गाईडनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'कोण म्हणतं?' मला राग आला, कारण किस्सा चार ठिकाणी छापलेला होता. पण चौघांनी एकाकडूनच उचललेला असेल, तर चार पुरावे होत नाहीत, एकच होतो. आज हाच प्रश्न आपण एका निर्वासित राजपुत्राच्या चरित्राला विचारून पाहू.

हा राजपुत्र म्हणजे अल्बेनियाचा लेका झोगू. (मराठीत हे नाव वाचलं की 'काय रे लेका' आठवतं, त्याला माझा इलाज नाही.) जन्म 5 एप्रिल 1939, तिराना. वडील राजे झोग. ते आधी पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्ष आणि 1928 पासून राजे. आई जेराल्डिन, हंगेरीच्या अप्पोनी घराण्यातली. मूल दोन दिवसांचं असताना, 7 एप्रिलला, मुसोलिनीच्या फौजा अल्बेनियात उतरल्या आणि बाळंतीण राणी बाळाला घेऊन ग्रीसकडे निघाली. पुढे फ्रान्स, इंग्लंड, इजिप्त, पुन्हा फ्रान्स. 1946 मध्ये तिरानात राजेशाही रीतसर रद्द झाली. 1961 मध्ये झोग वारले आणि लेकाला पॅरिसच्या एका हॉटेलात राजा घोषित करण्यात आलं. त्यानंतर स्पेन, ऱ्होडेशिया, दक्षिण आफ्रिका. मायदेशात पुन्हा पाऊल पडलं ते थेट 1993 मध्ये.

आता तो किस्सा. 26 मार्च 1982 ला जोहान्सबर्गजवळ लेका आणि त्याची ऑस्ट्रेलियन पत्नी सुझन यांना मुलगा झाला. त्याचंही नाव लेका. वारस परक्या भूमीवर जन्मू नये म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने प्रसूतीचा वॉर्ड तात्पुरता अल्बेनियाची भूमी म्हणून जाहीर केला, असं सांगतात. या कुटुंबावरच्या बहुतेक लेखांत हे वाक्य येतंच. वाचताना छान वाटतं. पण कोण म्हणतं?

इथे तुलना कामाला येते. जानेवारी 1943 मध्ये नेदरलँड्सची राजकुमारी मार्ग्रीट कॅनडात, ओटावाच्या हॉस्पिटलात जन्मली. तिच्याबद्दलही 'वॉर्ड डच भूमी झाला' असं सर्रास लिहितात. मात्र तिथे सरकारी जाहीरनामा उपलब्ध आहे, आणि तो वेगळं सांगतो. प्रसूतीची जागा कॅनडाच्या अधिकारकक्षेबाहेर ठेवली गेली, म्हणजे जन्मस्थळामुळे बाळ ब्रिटिश प्रजाजन ठरू नये. डच नागरिकत्व आलं ते आईकडून. जागा डच झालीच नव्हती. दुसरी कथा 1945 ची. युगोस्लाव्हियाचा युवराज अलेक्झांडर लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात जन्मला, तेव्हा चर्चिल यांनी ती खोली एका दिवसापुरती युगोस्लाव्ह केली म्हणे, आणि पलंगाखाली मायदेशाची माती ठेवली होती म्हणे. ही कथा ओटावापेक्षा जास्त रंगतदार आहे. कागद मात्र पत्रकारांनी शोधूनही हाती लागला नाही.

तीन राजघराणी, तीन प्रसूती, गोष्ट एकच. असा साचा दिसला की थांबायचं. साचा आहे म्हणजे गोष्ट खोटीच, असं नाही. ओटावाचा कागद खरा आहे. पण साच्यात बसताना तपशील घासून गुळगुळीत होतात, आणि आपल्याला हवे असतात नेमके तेच तपशील.

आता जोहान्सबर्गचा दावा शब्दशः घेऊन बघा. दक्षिण आफ्रिका फार तर स्वतःचा अधिकार मागे घेऊ शकते. एखादी खोली अल्बेनियाला देऊन टाकायची तर ती घेणारा अल्बेनिया लागतो. 1982 मध्ये अल्बेनिया म्हणजे एन्व्हर होजाचं तिरानातलं सरकार. म्हणजे वाक्य खरं मानलं, तर राजपुत्र होजाच्या हद्दीत जन्मला! दरबाराला हे नक्कीच म्हणायचं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं की अल्बेनिया तिरानात नाही, आम्ही जिथे आहोत तिथे आहे. मग हा किस्सा 1982 च्या कायद्याचा पुरावा म्हणून दुबळा, पण भूमी नसलेल्या दरबाराला काय सिद्ध करायची गरज होती, याचा पुरावा म्हणून भक्कम. तो फेकू नका, योग्य खणात ठेवा.

1993 च्या भेटीतला पासपोर्टही याच खणातला. तो लेकाच्या स्वतःच्याच दरबाराने दिलेला होता आणि व्यवसायाच्या रकान्यात 'राजा' लिहिलेलं होतं. राज्य नसताना राज्याची कागदपत्रं तयार करत राहणं, हे या माणसाचं जन्मभराचं काम होतं. चरित्रकाराने यावर एक चॅप्टर लिहायला हवा. प्रत्यक्षात हाती येतो तो विनोद.

माझा खरा आक्षेप इथेच आहे. लेका 2011 मध्ये वारला, तेव्हाचे इंग्रजी मृत्युलेख काढून वाचा. अवाढव्य उंची, कमरेला पिस्तूल, तो पासपोर्ट, आणि विमानाच्या दारात बझूका घेऊन उभा राहिल्याची कथा. बाल्कन म्हणजे फार्स, हा चष्मा जुना आहे. 1894 च्या 'द प्रिझनर ऑफ झेंडा' या कादंबरीतल्या रुरिटानिया नावाच्या काल्पनिक राज्यापासून तो कसा घडत गेला, हे व्हेस्ना गोल्ड्सवर्दी यांनी 'इन्व्हेंटिंग रुरिटानिया'मध्ये दाखवलं आहे. मारिया तोदोरोवा यांचं 'इमॅजिनिंग द बाल्कन्स' सोबत वाचा. दोन्ही पुस्तकं सिनॉप्सिसच्या आधी वाचायची, नंतर नाही.

गंमत अशी की राजनिष्ठ लेखक आणि थट्टा करणारे पत्रकार, दोघंही तेच किस्से वापरतात. एकाला त्यात वैभव दिसतं, दुसऱ्याला वेडेपणा. पण दोघांच्याही लिखाणात राजा एकटाच असतो, आसपास माणसं नसतात. आणि 1997 हे वर्ष माणसांशिवाय समजतच नाही.

त्या वर्षाच्या सुरुवातीला अल्बेनियात पिरॅमिड योजना कोसळल्या. लाखो कुटुंबांची बचत बुडाली, शस्त्रागारं लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसं मेली. या धुमाळीत लेका देशात परतला. 29 जूनला संसदेच्या निवडणुकीसोबतच राजेशाहीवर सार्वमत झालं. अधिकृत निकालात राजेशाहीला सुमारे एक तृतीयांश मतं मिळाली. लेकाच्या बाजूने मतमोजणीत घोटाळ्याचा आरोप केला. 3 जुलैला तिरानात त्याच्या समर्थकांचा मोर्चा निघाला, गोळीबार झाला, एक माणूस ठार झाला. लेका देश सोडून गेला. पुढे त्याच्या गैरहजेरीत त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि 2002 मध्ये माफी मिळाली.

आता मोजून बघा. मृत्युलेखात बझूकाला किती ओळी मिळतात, आणि त्या ठार झालेल्या माणसाला किती? पंचेचाळीसहून जास्त वर्षं ज्या राजवटीने झोगला शिव्याच घातल्या, तिथल्या तीनातल्या एका मतदाराने राजेशाहीला मत का दिलं? राजावरचं प्रेम, की बुडालेल्या पैशांचा राग, की प्रजासत्ताकावरचा अविश्वास? हा प्रश्न राजापेक्षा मोठा आहे, आणि किश्श्यांच्या गर्दीत तो विचारलाच जात नाही. बंदुका खऱ्या होत्या, हे मान्य. शस्त्रांवरूनच त्याला स्पेन सोडावं लागलं आणि 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतही त्याच्याकडे शस्त्रसाठा सापडला. पण मग ती गंभीर बाब म्हणून लिहा ना! शेजारी लुटलेली शस्त्रागारं असताना हत्यारबंद दावेदार ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

तुमच्यासाठी पद्धत साधी आहे. वहीत प्रत्येक घटनेसाठी तीन रकाने आखा : पहिला कागद कोणता, पहिला सांगणारा कोण, आणि ही गोष्ट कोणाला हवी होती. सार्वमतासाठी पहिल्या रकान्यात अधिकृत निकाल येईल, त्याच्या शेजारी ओएससीईच्या निरीक्षकांचे अहवाल तपासा. घोटाळ्याचा आरोप दुसऱ्या रकान्यात जाईल, आरोप म्हणूनच. तो खोडायचा नाही आणि निकाल म्हणून मांडायचाही नाही. वॉर्डच्या किश्शात पहिला रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. व्हायवाला रिकामा रकाना दाखवणं परवडतं. तो भरण्यासाठी 'सर्वश्रुत आहे' लिहिलंत की अडकलात.

शेवटचं एक. 2002 मध्ये हे कुटुंब तिरानात परतलं, आणि त्याच वर्षी जेराल्डिन तिथेच वारली. 2012 मध्ये, स्वातंत्र्याच्या शताब्दीला, झोगच्या अस्थी फ्रान्सहून आणून सन्मानाने पुरल्या गेल्या. ज्या प्रजासत्ताकाच्या मतदारांनी राजेशाही नाकारली, त्यानेच राजाला जागा दिली. चरित्रं हा भाग बहुधा गोड शेवट म्हणून उरकतात. तिसरा रकाना भरायला बसलात, तर इथून एक अख्खा शोधनिबंध सुरू होऊ शकतो.