दगडाला दहा छटा
एडवर्ड लिअर १८७३मध्ये मुंबईत उतरला आणि इथले रंग पाहून हरखून गेला. त्याआधी, १८५८मध्ये हा निसर्गचित्रकार पेट्रा आणि मृत समुद्राच्या वैराण काठावर भटकला होता. पेट्राचं त्याचं टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८९७मध्ये छापलं गेलं. ठाकूरद्वारला बसची वाट बघत मी ते फोनवर वाचलं.

लिअर खडकांचे रंग जीव ओतून टिपतो. पण मला पेट्रा दिसलं ते त्याच्या स्वयंपाक्यामुळे. जॉर्जिओला ते खडक चॉकलेट, हॅम आणि करी पावडरचे वाटले!

तिथले अरब मात्र लिअरच्या लेखी पैशांसाठी गराडा घालणारा जमाव. त्यांनी त्याला लुटलं, हे खरं. पण आपल्या मुलखातून जाणाऱ्याकडे ते पैसे का मागतात, हे त्याला विचारावंसं वाटत नाही. दगडाला दहा छटा, माणसांना एकच. टिपण देखणं आहे. तरी मला ते इथेच अपुरं वाटतं.