एक ग्रह, एक हवामान?

विज्ञानकथेची समीक्षा दोन टोकांना जाऊ शकते. काही समीक्षक कथेतल्या प्रत्येक यंत्राला पदार्थविज्ञानाचे पाठ्यपुस्तक लावतात आणि ते चालणार नाही असे सिद्ध करून थांबतात. दुसरे काही, 'ही कल्पनाच आहे, तिला कसले नियम?' असे म्हणून मोकळे होतात. आमच्या मते कथेला एक-दोन अशक्य गोष्टी गृहीत धरण्याची मुभा असावी. प्रकाशापेक्षा वेगवान याने ही त्यांपैकीच एक. पण ती मुभा घेतल्यानंतर उरलेले जग नियमाने चालले पाहिजे. या कसोटीवर 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेतले ग्रह आम्ही येथे तपासणार आहोत. १९७७ साली सुरू झालेल्या या मालिकेतल्या ग्रहांची नावे वर्गातल्या अनेक मुलांना तोंडपाठ असतात, म्हणून शिक्षकांनीही त्या ग्रहांवर एकदा फिरून यायला हरकत नाही.

आधी जमेची बाजू. पहिल्याच चित्रपटातल्या तातूईन या वाळवंटी ग्रहावर एका वेळी दोन सूर्य मावळताना दिसतात. १९७७ साली सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह माहीत नव्हता. जोडताऱ्यांभोवती ग्रह फिरत राहू शकेल का, हा तर पुढचाच प्रश्न. २०११ साली केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'केप्लर-१६ बी' हा ग्रह सापडला. तेथे दोन तारे सुमारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि शनीएवढ्या वस्तुमानाचा हा ग्रह त्या दोघांना मिळून सुमारे २२९ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. ताऱ्यांमधले अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.२२ पट, तर ग्रहाचे अंतर ०.७० पट, म्हणजे ताऱ्यांमधल्या अंतराच्या तिपटीहून थोडे जास्त. ग्रह याहून बराच जवळ असता, तर दोन ताऱ्यांच्या बदलत्या ओढीमुळे त्याची कक्षा टिकली नसती. तेव्हा दोन सूर्यांची कल्पना खरी ठरली, असे म्हणायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र राहून गेली. तातूईनवर उघड्यावर वावरणाऱ्या माणसांच्या सावल्या एकेकच पडतात! चित्रीकरण ट्यूनिशियात झाले आणि तेथे सूर्य एकच आहे. दोन मेणबत्त्या आणि एक खडू घेऊन ही चूक कोणत्याही वर्गात पाच मिनिटांत दाखवता येईल.

चित्रीकरणाचे स्थळ आणि ग्रह

ट्यूनिशियाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. या मालिकेतल्या ग्रहांचा मुख्य दोष त्यातून समजतो. तातूईन सगळा वाळवंट, कारण चित्रण ट्यूनिशियात झाले. 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मधला होथ हा ग्रह सगळा बर्फाचा, कारण चित्रण नॉर्वेतल्या हिमनदीवर झाले. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) मधला एंडॉरचा उपग्रह सगळा जंगलाचा, कारण कॅमेरा कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या वनात उभा होता. पृथ्वीवरचा एक तुकडा घ्यायचा आणि तो ताणून अख्ख्या गोलावर पसरायचा, अशी ही रीत आहे. दिग्दर्शकाला ती सोयीची असते, कारण पडद्यावर बर्फ दिसताच आपण कोठे आहोत हे प्रेक्षकाला कळते. पण मग ग्रह हा ग्रह न राहता एक गाव होतो.

खरा ग्रह असा का नसतो? तो गोल असतो, म्हणून त्याच्या मध्यावर प्रकाश सरळ पडतो आणि ध्रुवांकडे तिरपा. मध्य तापतो, ध्रुव थंड राहतात, आणि या फरकामुळे हवा वाहू लागते. ग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने ही हवा वळते. पृथ्वीवर विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा पाऊस सांडून कोरडी होते आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. सहारा, अरबस्तान, कलहारी आणि ऑस्ट्रेलियाची वाळवंटे बरीचशी त्याच पट्ट्यांत आहेत. त्यात डोंगरांची भर. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याला जे साधत नाही, ते ग्रहाला कसे साधावे?

सर्वत्र सारखे हवामान असूच शकत नाही, असे मात्र नाही. शुक्रावर ते आहे. तेथील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या सुमारे नव्वद पट असून ती जाड हवा उष्णता सगळीकडे वाटून टाकते; दिवसा-रात्री, विषुववृत्तावर नि ध्रुवावर तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपासच राहते. मंगळही सगळा वाळवंटच आहे, परंतु त्याच्याही ध्रुवांवर बर्फाच्या टोप्या आहेत. म्हणजे सारखेपणालाही कारण लागते आणि कथेने ते दिले पाहिजे.

श्वास कोठून येतो?

या चित्रपटांतली माणसे यानातून उतरतात आणि थेट श्वास घेतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. तिच्या हवेत प्राणवायू लक्षणीय प्रमाणात साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, तोही प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पृथ्वीच्या जवळजवळ अर्ध्या आयुष्यात यानातून उतरलेला प्रवासी येथे गुदमरून मेला असता. प्राणवायू खडकांशी आणि ज्वालामुखींतून येणाऱ्या वायूंशी संयोग पावून सतत खर्च होतो, म्हणून तो कोणीतरी सतत भरावाही लागतो. तातूईनवर हे काम कोण करते?

होथच्या बाजूने थोडे बोलता येते. सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीही दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली असावी, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. बर्फ प्रकाश परतवतो, त्यामुळे थंडी वाढते आणि आणखी बर्फ साचतो, असे हे चक्र आहे. तेव्हा होथ हा गोठून गेलेला, पूर्वी सजीव असलेला ग्रह मानला, तर त्याच्या हवेतला प्राणवायू हा जुना साठा म्हणून खपून जाईल. पण त्या बर्फावर घोड्याएवढे प्राणी कळपाने राहतात आणि त्यांना खाणारे हिंस्र पशूही आहेत. हे कळप काय खातात? गवताचे पाते कोठे दिसत नाही. अन्नसाखळीचे पहिले टोकच गायब आहे.

हा प्रश्न पडलेला एक लेखक होता. फ्रँक हर्बर्टने 'ड्यून' (१९६५) या कादंबरीत अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह रचला आणि तेथील प्राणवायू वाळूतल्या अजस्र अळ्यांपासून येतो, असे सुचवले. ध्रुवांवर थोडे बर्फही ठेवले. शिवाय पाणी का दिसत नाही, याचे जीवशास्त्रीय कारण दिले. हे सारे कौतुकास्पद आहे. तरी त्याच्या साखळीतही एक भोक आहे. अळ्या वाळूतले प्लवक खातात, प्लवक 'मसाला' नावाच्या द्रव्यावर जगतात आणि तो मसाला अळ्यांच्याच बाल्यावस्थेतून तयार होतो. चक्र पूर्ण झाले, पण त्यात बाहेरून ऊर्जा कोठे आली? पृथ्वीवर ती मुख्यतः सूर्याकडून हिरव्या पानात येते. अराकिसची साखळी स्वतःचेच शेपूट खाणाऱ्या सापासारखी आहे. मात्र हर्बर्टशी असा वाद घालता येतो, हेच त्याचे मोठेपण. तातूईनशी वाद घालायला काही हातीच लागत नाही.

शहर झालेला ग्रह

मालिकेतला कोरुसांट हा ग्रह म्हणजे एकच अखंड शहर. त्याची लोकसंख्या एक लाख कोटी धरू आणि ग्रहाचा आकार पृथ्वीएवढा. प्रत्येक माणूस सरासरी दहा किलोवॅट ऊर्जा वापरतो असे माना. आजच्या श्रीमंत देशांत वापर साधारण या पातळीवर पोचलेला आहे. वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते. एकूण दहाचा सोळावा घात इतके वॅट भागिले पृथ्वीचे क्षेत्रफळ, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट. पृथ्वी सूर्याकडून शोषते ते सरासरी २४० वॅट. उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, त्यामुळे ही वाढीव उष्णता बाहेर टाकण्यासाठी ग्रहाला सुमारे पाच अंशांनी तापावे लागेल. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात पृथ्वी सरासरी पाच-सहा अंशांनीच थंड होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच अंशांचे वजन कळेल.

आता जेवण. माणशी रोज एक किलो धान्य-भाजी धरली, तरी दिवसाला १०० कोटी टन अन्न बाहेरून आले पाहिजे. एक लाख टनांचे एक जहाज धरले, तर दर नऊ सेकंदांना एक जहाज उतरायला हवे. शिवाय ज्या ग्रहांची शेते हे अन्न पिकवतात, त्यांच्या मातीतले नत्र आणि स्फुरद रोज कोरुसांटला जाणार. ते परत नेले नाही तर ती माती नापीक होईल. चित्रपटात या गोष्टीचा मागमूस नाही. आयझॅक असिमॉव्हने मात्र 'फाउंडेशन' मालिकेत ट्रँटॉर हा असाच ग्रह उभा करताना लोकसंख्या ४,००० कोटींची ठेवली, त्याला वीस कृषिग्रहांवर अवलंबून असलेला दाखवले आणि हे परावलंबनच साम्राज्याची दुखरी नस केली. पुढे ट्रँटॉर लुटला जातो, तेव्हा उरलेले लोक धातूचे आवरण उखडून खालची माती पुन्हा कसू लागतात. विज्ञानाचा हिशेब बरोबर मांडला की कथानक आपोआप सुचते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याहून चांगले उदाहरण हॅल क्लेमंटच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' (१९५४) या कादंबरीचे. तीतला मेस्क्लिन हा ग्रह इतक्या वेगाने फिरतो, की तो चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांकडे शेकडो पट. तेथील रहिवाशांना पडण्याची वाटणारी भीती, त्यांचे सपाट शरीर, त्यांचे प्रवास, सारे यातून निघते. येथे ग्रह हेच मुख्य पात्र आहे.

वर्गासाठी

मुलांकडून हे चित्रपट काढून घ्यावेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, प्रत्येकाने आवडता ग्रह निवडावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत: ध्रुवावर काय आहे? प्राणवायू कोण भरतो? सगळ्यात लहान प्राणी काय खातो? उष्णता कोठे जाते? जो ग्रह नापास होईल, त्याला पास करण्यासाठी काय बदलावे, हे मुलांनीच ठरवावे. भूगोल, जीवशास्त्र आणि गणित यांचे तास एका ठिकाणी येतील.

या खटाटोपाचे कारण केवळ पाठ्यपुस्तकापुरते नाही. १९७७ च्या चित्रपटात ॲल्डरान नावाचा एक अख्खा ग्रह क्षणार्धात नष्ट होतो आणि काही मिनिटांत कथा पुढे सरकते. प्रेक्षकाला फारसे लागत नाही, कारण त्या ग्रहावर काय काय होते हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. एका रंगाचा ग्रह गमावणे सोपे असते. तो गेला तर दुसरा मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात २०२२ पर्यंत सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची संख्या ५,००० च्या पुढे गेली, पण यानातून उतरून श्वास घेता येईल असा एकही ग्रह त्यांत अजून आढळलेला नाही. महाबळेश्वर आणि माण दोन्ही एकाच जिल्ह्यात मावणारा ग्रह आपल्याला माहीत आहे तो एकच. वरच्या चार प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी आहेत आणि ती बदलण्याची ताकद आपल्यापाशी आली आहे, एवढे मुलांना कळले तरी पुरे.