अंधारातल्या ओव्या

दिवाळी अंक हातात पडतो तो अमावास्येच्या आसपास. आश्विनातल्या दोन रात्री आपण साजऱ्या करतो: पौर्णिमेची कोजागरी आणि पंधरा दिवसांनी येणारे लक्ष्मीपूजन. पहिलीत चांदण्याचे कौतुक, दुसरीत पणत्यांचे. अमावास्येचा काळोख नसता तर पणतीला एवढी शोभा आली नसती, हे मात्र आपण सहसा लिहीत नाही. मराठी लेखनात अंधार पुष्कळ आहे, पण तो बहुतेकदा अज्ञानाचे, दुःखाचे किंवा पापाचे रूपक म्हणून येतो. ज्यात माणसे प्रत्यक्ष बसली, चालली, गायली तो अंधार शोधायचा तर वेगळीकडे पाहावे लागते.

मला ती जागा सापडली ती अपघाताने. नेरूळच्या घरी आईच्या ओव्या टिपून घ्यायला मी चार वर्षांपूर्वी सुरुवात केली. आईने ऐंशी ओलांडलेली. दुपारी ट्यूबलाइटखाली वही घेऊन बसले की तिला एखादी ओळ आठवायची आणि पुढे अडायचे. एके दिवशी पहाटे साडेचारला ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती आणि गुणगुणत होती. मी गुपचूप शेजारी बसले. त्या पाऊण तासात जेवढ्या ओव्या मिळाल्या तेवढ्या आधीच्या महिनाभरात मिळाल्या नव्हत्या. मग रस्त्यावरच्या दिव्याचा झोत अडवायला खिडकीला जुनी घोंगडी लावली आणि काम त्याच वेळेला चालू ठेवले. कारण विचारल्यावर आई एवढेच म्हणाली, "उजेडात लाज वाटते गं."

या एका वाक्याने ओवीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. मराठी बायकांच्या कवितेचा एवढा मोठा ठेवा क्वचितच दुसरा असेल. आपण त्यात सासुरवास, माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल असे विषय शोधतो. वेळ शोधत नाही. दळण पहाटेचे असे, म्हणजे यातली बरीचशी कविता काळोखात रचली आणि गायली गेली. घर निजलेले, समोरच्या बाईचा चेहरा धड दिसत नाही, हाताला काम पाठ. दिवसा ज्या घरात मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्याच घरात हा तासभर तिचा होता. ओवी जात्यालाच उद्देशून म्हटली जाते, याचेही मला आता नवल वाटत नाही. अंधारात जवळचे असे तेच होते.

इथे एक सावधगिरी हवी. दळण हे कष्टच होते आणि गिरणी आली तेव्हा बायका सुटल्या. अंधार प्रिय होता असे म्हणायचे नाही. तो ओळखीचा होता, आणि आडोशाचा होता.

रूपकाच्या परंपरेतही हा दुसरा सूर आहेच. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुरिताला तिमिर म्हटले, ते आपल्याला पाठ असते. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इतरांची जी रात्र तीच संयमी माणसाची जाग, असा श्लोक आहे आणि ज्ञानेश्वरी त्यावरूनही जाते. एकाच ग्रंथात अंधार घालवायचाही आहे आणि रात्री जागायचेही आहे. आपण पहिला धडा पाठ केला आणि दुसरा विसरलो.

भयकथेवर अंधाराला बदनाम केल्याचा आरोप होतो. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचून रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटली नाही, असा वाचक विरळा. तरी तो आरोप मला पुरता पटत नाही. भयकथा वाचणारा माणूस स्वतःहून अंधाराजवळ जातो आणि सकाळी सुखरूप परततो. हीदेखील एक प्रकारची तालीमच. कोकणातल्या दशावतारात काळ्या वेशातला संकासुर मध्यरात्री येतो, मुले आधी दचकतात आणि मग हसत सुटतात. त्यांची तालीम तिथे होते.

मात्र रात्र सर्वांची सारखी नसते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्यातली रात्र चांदण्याची नाही, पोटाची आणि बाजाराची आहे. तो संग्रह बाजूला ठेवून केलेले रात्रीचे गुणगान पोटभर जेवलेल्याचे ठरते. मुलींना 'सातच्या आत घरात' बजावणाऱ्या समाजात अंधाराचा आनंद हा आवडीनिवडीइतकाच हक्काचाही प्रश्न आहे. माझ्या आईला मिळालेला पहाटेचा तास घराच्या चार भिंतींतला होता, हे विसरून चालत नाही.

नवी मुंबईत हा प्रश्न आणखी एका बाजूने समोर येतो. ठाणे खाडीच्या काठचे कोळी उधाण आणि भांग ओळखतात, म्हणजे त्यांना चंद्राची तिथी ठाऊक असते. खाडीतले रोहितही ओहोटीला चरतात, मग दिवस असो की रात्र. ठाणे खाडी रोहित अभयारण्य 2015 साली घोषित झाले आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेले. त्याच काठाला आम्ही मात्र पांढऱ्याफेक दिव्यांच्या रांगेत राहतो आणि तिथी कॅलेंडरवर बघतो. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरला. तिथे गावांतल्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवली. रस्ता दिसतो, आकाशही दिसते. उजेड आणि अंधार यांतले एकच निवडावे लागते, हा आपला समज तिथे खोटा ठरला आहे.

दिवेलागण, तिन्हीसांज, निजानीज, मध्यरात्र, उत्तररात्र, पहाट, झुंजूमुंजू: रात्रीचे इतके टप्पे मोजणारी भाषा काळोखाला नुसती घाबरत नव्हती. टप्पे मोजायला त्यात राहावे लागते. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. समीक्षेनेही तेवढा धीर धरला तर ओवीसारखे पुष्कळ काही दिसू लागेल.

मी आता वहीत अंधारातच लिहिते. अक्षरे वेडीवाकडी येतात, ओळीवर ओळ चढते. सकाळी उजेडात आईला वाचून दाखवते, तेव्हा ती हसते आणि म्हणते, "हे मी म्हटलं?"