यमूची साक्ष

मराठी कादंबरीतल्या स्त्रियांविषयी लिहिताना समीक्षा अजूनही त्यांच्या दोन रांगा लावते : एकीत सोशिक, घराला धरून राहणाऱ्या, दुसरीत शिकलेल्या, उंबरा ओलांडणाऱ्या. ही वाटणी वागणूक पाहते आणि निवेदन विसरते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातली यमू बंड करत नाही. नवऱ्याकडून ती लिहा-वाचायला शिकते, तो गेल्यावर सासरची माणसं बळजबरीने तिचं केशवपन करतात, आणि ती ते अडवू शकत नाही. पण ही हकीकत सांगते ती स्वतः. कोण कसं वागलं, याचा निवाडाही तीच करते. याउलट श्री. व्यं. केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्या’त (१९३०) कालिंदी लग्नाशिवाय शिवशरणाप्पाबरोबर राहते, पुढे त्यालाही सोडते. एवढं धाडस करणाऱ्या या बाईचं आयुष्य मात्र पानोपानी लेखकाच्या समाजशास्त्रीय चर्चेचं निमित्त होऊन बसतं. म्हणून स्त्री किती मोकळी वागली, यापेक्षा स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावायचा हक्क कादंबरीने तिला किती दिला, हे आधी तपासलं पाहिजे.

यावर आक्षेप येईल की यमूचा आवाजही शेवटी पुरुषाच्याच लेखणीतून आलेला आहे. ते खरंच आहे, आणि म्हणूनच स्त्रियांनी लिहिलेलं शेजारी ठेवून वाचायला हवं. विभावरी शिरूरकर या नावाने मालती बेडेकरांनी लिहिलेल्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये (१९३४) अचलेला नवऱ्याने टाकलेलं आहे, पण त्या काळी मुंबई इलाख्यातल्या हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळत नव्हता. त्यामुळे प्रियकर विरागबरोबर राहण्याचा तिचा निर्णय स्वभावाच्या बंडखोरीइतकाच कायद्याच्या कोंडीतूनही येतो. तिची ओढ आणि तिची भीती लेखिका एकत्र नांदू देते. सोशिक आणि बंडखोर एकाच बाईत राहतात, हे इथे उघड दिसतं.

दुसरा आक्षेप असा की जुन्या पुस्तकांना आपण आजची मोजपट्टी लावतो. पण ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२चं, म्हणजे यमूच्याही आधीचं. सगळे दोष बायकांच्याच माथी का, हा त्यांचा प्रश्न त्या काळातलाच आहे. आपण सोडून दिलेली मोजपट्टी दुसरीच आहे, ती जातीची. यमू, कालिंदी, अचला या पांढरपेशा जगातल्या नायिका. शेतात आणि गिरणीत राबणारी, स्वतः कमावणारी बाई त्याच काळात होती, तरी ‘स्वतंत्र स्त्री’च्या चर्चेत तिला जागा मिळाली नाही. स्त्रीवादी समीक्षेने नायिकांना गुण देणं थांबवावं, आणि कोणाला बोलू दिलं, कोणाला पानाबाहेर ठेवलं, हे प्रत्येक कादंबरीला विचारावं.