हिऱ्याची गोष्ट आणि कारण ठरवायची घाई

साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी ही मुळात परंपरा नाहीच, डी बीअर्सने जाहिराती करून ती लोकांच्या गळ्यात मारली, हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. ही मांडणी लोकप्रिय झाली ती एडवर्ड जे एपस्टीन यांच्या ‘द अटलांटिक’ मासिकातल्या १९८२च्या लेखामुळे. लेख जरूर वाचा. १९३८मध्ये एन. डब्ल्यू. आयर ही जाहिरात संस्था कामाला लागली, सिनेतारकांच्या बोटांत हिरे दिसू लागले, १९४७मध्ये फ्रान्सेस गेरेटी यांनी हिरा चिरंतन असल्याची ती प्रसिद्ध ओळ लिहिली. चिरंतन म्हणजे विकायचा नाही. मग जुने हिरे बाजारात परत येत नाहीत आणि भाव टिकतो. हा मुद्दा एपस्टीन फार छान उलगडतात.

पण संशोधक म्हणून वाचताना एका जागी थांबा. १९३८ ते १९४१ या काळात अमेरिकेत हिऱ्यांची विक्री ५५ टक्के वाढली, हा आकडा आला कुठून? आयरनेच डी बीअर्सला दिलेल्या अहवालातून. म्हणजे ज्याने पेपर लिहिला, त्यानेच तो तपासला! शिवाय त्याच काळात अमेरिका महामंदीतून सावरत होती. वाढीतला जाहिरातीचा वाटा किती आणि खिशात आलेल्या पैशाचा किती, हे वेगळं कसं करणार?

मार्गारेट ब्रिनिग या कायद्याच्या अभ्यासक १९९०च्या शोधनिबंधात दुसरंच कारण मांडतात. ठरलेलं लग्न मोडलं तर मुलीला भरपाईचा दावा करता येई. १९३५पासून इंडियाना आणि मागोमाग इतर काही राज्यांनी ती सोय रद्द केली. मग महागडी अंगठी हीच हमी ठरली. मागणी जाहिरातींच्या आधीच वाढू लागली होती, असं त्यांचं म्हणणं.

मग एपस्टीन चुकले? तसंही नाही. त्यांच्याच लेखानुसार जपानमध्ये १९६७ साली ५ टक्क्यांहून कमी नववधूंकडे हिऱ्याची अंगठी होती. १९८१पर्यंत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेलं. अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्याने हे समजावता येत नाही. पण तिथेही याच काळात उत्पन्न वाढत होतं, हे विसरू नका.

‘कंपनीने सगळ्यांना फसवलं’ ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, म्हणून तिची तपासणी कमी होते. साहित्याचा आढावा लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारा: आकडा कोणी मोजला? बदल आधीच सुरू झाला होता का? त्याच वेळी आणखी काय बदलत होतं?