चित्र ‘लिहिणे’ आणि चित्राखालची अक्षरे

समकालीन कला उपेक्षित समाजापर्यंत पोचली पाहिजे, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. परंतु पोचणे म्हणजे काय, याचा विचार क्वचितच होतो. दालनाचे प्रवेशमूल्य माफ केले, किंवा प्रदर्शन मोटारीत घालून नगर-मनमाड रस्त्यावरील कोल्हारसारख्या गावी नेले, म्हणजे कार्य संपले, अशी समजूत दिसते. आमच्या मते खरा अडसर चित्राखालच्या परिचयपट्टीत आहे.

वारली चित्रांचे उदाहरण घ्यावे. डहाणू परिसरात लग्नाचा देवचौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखीत. ही क्रिया त्यांच्या बोलीत चौक ‘लिहिणे’ होय. हा प्रयोग अपभ्रष्ट नव्हे. संस्कृत ‘लिख्’ धातूचा जुना अर्थ ओरखडणे, रेखाटणे असाच आहे. उषेची सखी चित्रलेखा हे नाव त्याची साक्ष देते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात मांडली गेली. २०११ मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले. हा गौरव यथार्थच होता. तथापि चित्र दालनात आले आणि ‘लिहिणे’ हा शब्द उंबऱ्याबाहेर राहिला. त्याच्याबरोबर लिहिणाऱ्या सवाशिणीही मागे पडल्या.

सर्वांना उमजेल असे सांगू गेल्यास कलेची खोली उणावते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर कोल्हारवरून वाहणाऱ्या प्रवरेच्याच काठी, पुढे नेवासे येथे, शके १२१२ मध्ये मिळून चुकले आहे. ज्ञानेश्वरीने गीतार्थ उथळ केला नाही. श्रोत्याच्या नित्य अनुभवातील दृष्टान्तांनी तो त्याच्या हाती दिला. सुलभता आणि सवंगता यांतील भेद याहून स्पष्ट कोठे दिसावा?

आम्ही विद्यापीठीय मंडळीही या दोषातून मुक्त नाही. ‘मांडणशिल्प’, ‘अमूर्तता’ असे शब्द रूढ करून मराठीची सेवा घडली असे आपण मानतो. पुष्कळदा इंग्रजीच्या जागी संस्कृत आले, एवढेच घडते. अंगणात रांगोळी काढणाऱ्या बाईला ठिपक्यांचे गणित, रेषेचा तोल आणि मोकळी सोडावयाची जागा यांचे पक्के ज्ञान असते. अमूर्त आकृती तिला परकी नाही. परके आहे ते आपण तिला दिलेले नाव.

म्हणून परिचयपट्टी लिहिण्यापूर्वी प्रेक्षकाचे शब्द टिपून घ्यावेत. हे काम भाषाभ्यासकाचे आहे, आणि ते चित्रकारावर ढकलून आपणांस मोकळे होता येणार नाही.